‘चयापचयातील बदल’ आणि उदरस्थ महारोहिणीचा विस्फार : एका कारणविधानाची समीक्षा

१

शास्त्रीय विधानाची तपासणी करताना बहुधा त्यातील नामांकडे लक्ष दिले जाते. संज्ञा योग्य आहे की नाही, तिची व्याख्या नेमकी आहे की नाही, मराठी पर्याय सुबोध आहे की दुर्बोध, याविषयी परिभाषेच्या अभ्यासकांनी पुष्कळ चर्चा केली आहे. क्रियापदाच्या वाट्याला मात्र अशी चर्चा क्वचितच येते. वस्तुतः दोन घटनांमधील संबंध सांगण्याचे काम विधानातील क्रियापद आणि विभक्तिप्रत्यय हेच करीत असतात. आणि संबंध चुकीचा सांगितला गेला, तर दोन्ही बाजूंच्या संज्ञा कितीही निर्दोष असल्या तरी विधान सदोषच राहते.

‘चयापचयातील बदल उदरस्थ महारोहिणीच्या विस्फारास हातभार लावतात’ हे विधान या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. गेल्या दोन-तीन दशकांतील रोहिणीविकारांच्या अभ्यासात या आशयाची विधाने निरनिराळ्या रूपांत वारंवार आढळतात, आणि मराठीत आरोग्यविषयक लेखन करणाऱ्यांच्या हातून ती तशीच उतरतात. विधान असत्य नाही. परंतु ‘हातभार लावतात’ या एका क्रियापदाखाली परस्परांहून भिन्न असे निदान चार दावे एकत्र नांदतात; त्यांपैकी काही सबळ पुराव्यावर उभे आहेत, काही अनुमानावर, आणि एका ठिकाणी तर पुरावा अपेक्षेच्या नेमक्या उलट दिशेने जातो. हे चार दावे वेगळे करणे, आणि ते वेगळे ठेवण्यास लागणारी साधने मराठीच्या व्याकरणात तयार आहेत हे दाखवणे, एवढाच प्रस्तुत समीक्षेचा हेतू आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप थोडक्यात पाहिले पाहिजे. हृदयातून निघालेली महारोहिणी छातीतून खाली उदरात उतरते आणि बेंबीच्या सुमारास दुभंगून दोन्ही पायांकडे जाते. उदरातील तिचा व्यास प्रौढ माणसात साधारणतः २ सेंटिमीटर असतो. तो ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाला म्हणजे विस्फार झाला असे मानतात. बहुतेक विस्फार मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रोहिण्यांच्या खालच्या भागात होतात. रोग वर्षानुवर्षे निःशब्द असतो; रुग्णाला वेदना नसते, तक्रार नसते. भिंत फाटली म्हणजे मात्र अंतर्गत रक्तस्राव इतका प्रचंड होतो की बहुसंख्य रुग्ण दगावतात. कित्येक तर रुग्णालयापर्यंत पोहोचतही नाहीत. साठीनंतरचे पुरुष, त्यातही धूम्रपान करणारे किंवा पूर्वी केलेले, आणि ज्यांच्या जवळच्या रक्तसंबंधात हा रोग आढळला आहे असे लोक, यांस धोका विशेष असतो. अशा रोगाच्या कारणांविषयी सैल भाषा वापरणे हा केवळ शैलीचा दोष राहत नाही. कोणी तपासणी करून घ्यावी आणि कोणी निर्धास्त असावे, हे त्या भाषेवरून ठरू लागते.

२

रोगाच्या नावातच एक उपमा दडलेली असते, आणि ती उपमा नकळत कारणमीमांसेला दिशा देते. संस्कृतातील ‘धमनी’ हा शब्द ‘फुंकणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. भात्याची किंवा फुंकणीची नळी हे त्यामागचे चित्र. ग्रीकांचा ‘आर्टेरिया’ हा शब्दही श्वासनलिकेसाठी वापरला जात असे. दोन्ही भाषांत रक्तवाहिनीची कल्पना पोकळ नळीच्या रूपाने झाली. मराठी वैद्यकीय लेखनात रूढ झालेली ‘रोहिणी’ व ‘नीला’ ही जोडी रंगावरून आली असल्यामुळे नळीच्या चित्रापासून ती अलिप्त आहे. परंतु रोगाचे वर्णन करताना नळी पुन्हा प्रवेश करतेच. ‘पाण्याचा पाइप जुना झाला, एके ठिकाणी कमकुवत झाला, आणि दाबाने फुगला’ हे स्पष्टीकरण रुग्णास सांगितले जाते, आणि ते त्यास चटकन पटते.

या चित्रात सत्याचा अंश आहे. पोकळ नळीच्या भिंतीवरील ताण आतील दाबाबरोबर व त्रिज्येबरोबर वाढतो, भिंतीच्या जाडीबरोबर घटतो. लाप्लासच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम रोहिणीलाही लागू पडतो. म्हणूनच मोठा विस्फार लहानापेक्षा अधिक धोक्याचा असतो, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय मुख्यतः व्यासावरून, म्हणजे पुरुषांत सुमारे ५.५ व स्त्रियांत सुमारे ५ सेंटिमीटरवरून, घेतला जातो. त्याहून लहान विस्फारावर घाईने शस्त्रक्रिया केल्याने आयुर्मान वाढत नाही, हे १९९८ साली ब्रिटनमधील आणि २००२ साली अमेरिकेतील चाचण्यांनी दाखवून दिले.

तथापि नळीच्या चित्रावरून निघणारा दुसरा निष्कर्ष टिकला नाही. दाबामुळेच विस्फार वाढत असेल, तर दाब उतरवणाऱ्या औषधाने त्याची वाढ मंदावली पाहिजे. २००२ साली प्रोप्रानोलॉल, २०१६ साली पेरिंडोप्रिल व २०२० साली टेल्मिसार्टन या औषधांच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकाही औषधाने विस्फाराची वाढ मंदावल्याचे सिद्ध झाले नाही. रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचे हृदय व मेंदू यांच्या दृष्टीने असलेले महत्त्व याने कमी होत नाही. परंतु ‘दाबाने फुगणारी नळी’ हे चित्र या रोगाच्या वाढीचा उलगडा करण्यास अपुरे आहे, एवढे निश्चित ठरते.

‘फुगा’ ही उपमा तर त्याहूनही दिशाभूल करणारी आहे. फुगा ताणला जातो तो त्याच्यात लवचीकपणा आहे म्हणून, आणि हवा सोडली की तो पूर्ववत होतो. विस्फारलेली महारोहिणी रुंदावते ती तिचा लवचीकपणा नष्ट झाला म्हणून. ती मूळच्या भिंतीपेक्षा अधिक ताठर असते आणि पूर्ववत होत नाही. मराठी वाचकास ‘विस्फार’ म्हटले की ‘विस्फारलेले डोळे’ आठवतात. तेथेही क्षणापुरते रुंदावून पुन्हा मूळ आकारावर येणेच अभिप्रेत असते. अर्थात संज्ञा रूढ झाली आहे व ती बदलण्याचे कारण नाही. ती वापरताना तिच्या सहचारी अर्थाचे भान मात्र असले पाहिजे.

या संदर्भात आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्यावरील शस्त्रक्रियेचे उदाहरण उद्बोधक आहे. १९४८ च्या अखेरीस रुडॉल्फ निसेन या शल्यवैद्याने त्यांच्या उदरस्थ महारोहिणीचा विस्फार सेलोफेनमध्ये गुंडाळला. वरवर पाहता ही नळीला पट्टी बांधण्याचीच युक्ती. परंतु सेलोफेनच्या अंगच्या बळावर तिची भिस्त नव्हती. त्या परक्या द्रव्याच्या क्षोभामुळे भोवतालच्या जिवंत ऊतकाने तंतुमय आवरण निर्माण करावे आणि त्या आवरणाने भिंतीस आधार द्यावा, अशी ती योजना होती. नळीची उपमा बाजूस ठेवून भिंतीला सजीव मानणाऱ्या विचाराचा प्रत्यय येथे येतो. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल १९५५ मध्ये विस्फार फाटून त्यांचे निधन झाले. मधल्या काळात, १९५१ साली, पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी विस्फारित भाग काढून तेथे मृत दात्याची रोहिणी बसवण्यात यश मिळवले होते. परंतु अखेरच्या आजारात आइन्स्टाइन यांनी शस्त्रक्रियेस नकार दिला.

३

भिंत सजीव आहे हे एकदा मान्य केले, की ‘चयापचय’ ही संज्ञा विचाराच्या केंद्रस्थानी येते. मराठीतील ही संज्ञा मूळ पाश्चात्त्य संज्ञेपेक्षा एका बाबतीत सरस म्हणावी लागेल. ग्रीक मुळाचा अर्थ केवळ ‘बदल’ असा आहे. बदल कोणता, हे त्यातून कळत नाही. ‘चय’ आणि ‘अपचय’ यांच्या द्वंद्वाने मात्र प्रक्रियेची दोन्ही अंगे, रचणे व मोडणे, उघड सांगितली जातात. ‘चि’ या धातूचा अर्थ वेचणे, रचणे, थरावर थर देणे. यज्ञवेदीच्या विटांच्या रचनेलाही ‘चयन’च म्हटले जाते.

महारोहिणीची भिंत ही या अर्थाने अक्षरशः चयापचयाची वस्तू आहे. तिच्या मधल्या थरात इलॅस्टिनचे पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये अरेखित स्नायुपेशी असतात. बाहेरच्या थरात कोलॅजेनचे बळकट तंतू असतात. इलॅस्टिनची घडण प्रामुख्याने गर्भावस्थेत व बालपणी होते, आणि पुढे त्याचा टिकाऊपणा दशकांत मोजावा लागतो. प्रौढपणी ते मोडले, तर तशाच घडणीचे नवे इलॅस्टिन सहसा तयार होत नाही. मूत्रपिंडांखालच्या भागात इलॅस्टिनच्या पापुद्र्यांची संख्या छातीतील भागापेक्षा मुळातच कमी असते. विस्फारात या भिंतीत दाहक पेशी शिरतात. मेटॅलोप्रोटिनेज वर्गातील एंझाइमे इलॅस्टिन व कोलॅजेन यांचे विघटन करतात. अरेखित स्नायुपेशी मरतात किंवा आकुंचनाचे आपले मूळ काम सोडून वेगळे रूप घेतात. थोडक्यात, अपचय वाढतो व चय त्यास पुरा पडत नाही. द्वंद्वसमासाच्या दोन पदांमधील तोल बिघडणे हाच हा रोग, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु संज्ञेचा हाच गुण पुढे अडचणीचा ठरतो. कारण ‘चयापचय’ हा एकच शब्द किमान तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर वापरला जातो. पहिली पातळी ऊतकाची : भिंतीतील तंतूंची घडण व मोड. दुसरी पेशीची : पेशी ऊर्जा कशी मिळवते, शर्करा वापरते की मेदाम्ले, मायटोकॉंड्रिया किती कार्यक्षम आहेत. तिसरी संपूर्ण शरीराची : रक्तातील शर्करा, कोलेस्टेरॉल, इन्शुलिन, स्थूलता. संशोधक ‘चयापचयातील बदल’ म्हणतो तेव्हा बहुधा दुसरी पातळी त्याच्या मनात असते. मराठी वाचकाच्या मनात मात्र तिसरी उभी राहते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांस मधुमेह असल्याचा अंदाज आहे. अशा समाजात ‘चयापचयाचा विकार’ याचा रूढ अर्थ ‘मधुमेह’ असाच होणार, यात नवल नाही. आणि या रोगापुरता तो अर्थ सर्वांत अधिक फसवा आहे, हे पुढे दिसून येईल.

४

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. चयापचयातील बदल आणि विस्फार यांचा संबंध कोणत्या प्रत्ययाने सांगावा?

पाणिनीय व्याकरणात साहचर्य, करण आणि हेतू या तिन्ही संबंधांसाठी तृतीया विभक्ती सांगितली आहे. रूप एकच, परंतु त्यांची सूत्रे वेगळी आहेत, आणि सोबत असणाऱ्या पदार्थास तेथे अप्रधान मानले आहे. रूप समान असले तरी संबंध समान नसतो, हा विवेक त्या मांडणीत स्पष्ट आहे. मराठीने हे संबंध बऱ्याच अंशी वेगवेगळ्या शब्दांत वाटून दिले : साहचर्यासाठी ‘सह’, ‘बरोबर’, करणासाठी ‘ने’, हेतूसाठी ‘मुळे’, आणि स्थानासाठी सप्तमीचा ‘त’. ही वाटणी काटेकोर नाही. ‘पावसाने पीक गेले’ या वाक्यात ‘ने’ हेतूही सांगतो. तरीही शास्त्रीय लेखनात ही वाटणी कसोशीने पाळली, तर चारही दावे आपोआप वेगळे होतात. ‘हातभार लावणे’ या वाक्प्रचारात ती पुसली जाते.

पहिला दावा ‘त’चा : विस्फारित भिंतीत चयापचय बदललेले आढळते. यास पुरावा भरपूर आहे. तेथील दाहक भक्षिपेशी ऊर्जेसाठी शर्करेच्या जलद विघटनावर अधिक अवलंबून असतात; मायटोकॉंड्रियांचे कार्य मंदावल्याच्या खुणा दिसतात. परंतु हे ऊतक कोठून मिळते, हे विसरता येत नाही. ते शस्त्रक्रियेच्या वेळी मिळते. म्हणजे व्यास ५.५ सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्यापुढे गेल्यावर, रोगाच्या उत्तरार्धात. तुलनेसाठी घेतलेली निरोगी महारोहिणी बहुधा अवयवदात्यांची, अनेकदा तरुण व धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तींची असते. शिवाय विस्फाराच्या आत रक्ताची जाड गुठळी साचलेली असते आणि तिच्याखालच्या भिंतीस प्राणवायू कमी मिळतो. प्राणवायू कमी मिळाला की पेशी ऊर्जानिर्मितीची रीत बदलते. तेव्हा भिंतीत आढळलेला बदल हे विस्फाराचे कारण आहे की परिणाम, हे त्या ऊतकाकडे पाहून सांगता येत नाही. सप्तमी स्थान सांगते. क्रम सांगत नाही.

दुसरा दावा ‘सह’चा : रक्तातील अमुक द्रव्य वाढलेले असते तेव्हा विस्फारही अधिक आढळतो. लोकसमूहांच्या पाहण्यांतून असे संबंध पुष्कळ मिळाले आहेत. परंतु धूम्रपान, वय व पुरुषत्व हे तीन घटक इतके प्रभावी आहेत की, त्यांच्या सोबतीने येणारी कोणतीही गोष्ट विस्फाराच्याही सोबतीने आलेली दिसते. व्याकरणाने सहचारी पदार्थास अप्रधान म्हटले आहे. पाहणीतील सहचारी द्रव्यासही, दुसरा पुरावा मिळेपर्यंत, तेच स्थान द्यावे लागेल.

तिसरा दावा ‘ने’चा : अमुक चयापचयी बदल घडवून विस्फार निर्माण करता येतो, अथवा रोखून थांबवता येतो. हे प्रयोगशाळेतील प्राण्यांत दाखवले जाते. २००० सालापासून मोठ्या प्रमाणावर रूढ झालेल्या एका प्रयोगरीतीत मेद वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक निष्क्रिय केलेल्या, म्हणून कोलेस्टेरॉल मुळातच फार वाढलेल्या, उंदरांना अँजिओटेन्सिन हे द्रव्य सतत दिले जाते, आणि काही आठवड्यांत त्यांच्या महारोहिणीत विस्फार होतो. अशा उंदरांत शर्करेच्या विघटनाचा मार्ग रोखला असता विस्फार कमी होतो, असेही आढळले आहे. हा खरा करणसंबंध आहे. प्रयोगकर्ता साधन हाती घेतो व त्या साधनाने कार्य घडते. परंतु येथे दोन मर्यादा आहेत. या उंदरांत विस्फार होतो तो मूत्रपिंडांच्या वरच्या भागात, आणि भिंतीचे थर फाटून. माणसात तो बहुधा खालच्या भागात व वर्षानुवर्षांच्या झिजेने होतो. आणि, अधिक महत्त्वाचे, चयापचयाचा बिघाड येथे प्रयोगाच्या रचनेतच आधी घातलेला आहे. जे पूर्वपक्षात गृहीत धरले, ते उत्तरपक्षात निष्पन्न झाले म्हणून दाखवणे तर्कशास्त्रास मान्य होण्याजोगे नाही. उंदरांत यशस्वी झालेले साधन माणसात निष्फळ ठरू शकते, याचेही उदाहरण आहे. विघटक एंझाइमांना रोखणारे डॉक्सिसायक्लिन प्राण्यांत परिणामकारक ठरले होते. माणसांतील लहान विस्फारांवर घेतलेल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले, त्याने वाढ मंदावली नाही.

चौथा दावा ‘मुळे’चा, म्हणजे माणसातील खऱ्या हेतूचा. येथे सर्वांत सबळ आधार आनुवंशिक अभ्यासांचा आहे. जनुके जन्मापूर्वीच ठरलेली असतात. धूम्रपान किंवा रोग त्यांना मागाहून बदलत नाही. त्यामुळे कारण व परिणाम यांची उलटापालट होण्याची भीती तेथे बरीच कमी होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ३९ हजार रुग्णांच्या जनुकांची तुलना १० लाखांहून अधिक इतर व्यक्तींशी करण्यात आली आणि विस्फाराशी संबंधित अशी १२१ जनुकस्थाने निश्चित झाली. मेदद्रव्यांच्या वहनाशी निगडित स्थाने त्यांत ठळक होती. कोलेस्टेरॉलच्या नियमनात भाग घेणारे पीसीएसके-९ हे जनुक त्यांपैकी एक. त्याआधी २०१८ सालच्या आनुवंशिक विश्लेषणातही एलडीएल कोलेस्टेरॉलचे आनुवंशिक प्रमाण अधिक असणाऱ्यांत विस्फाराचा संभव अधिक दिसला होता. सारांश, मेदांच्या चयापचयाबाबत ‘मुळे’ हा शब्द वापरण्यास आज वाजवी आधार आहे. तो आधार संपूर्ण ‘चयापचया’स मात्र लागू करता येत नाही.

५

हा भेद किती आवश्यक आहे, हे मधुमेहाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. हृदयविकार, पक्षाघात, पायांच्या रोहिण्यांचा अवरोध या सर्वांचा धोका मधुमेहाने वाढतो. तेव्हा विस्फाराचाही वाढत असला पाहिजे, असे अनुमान सहज सुचते. प्रत्यक्षात ते चुकीचे आहे. १९९७ साली अमेरिकेतील ७३ हजारांहून अधिक माजी सैनिकांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत विस्फाराशी सर्वांत निकटचा संबंध धूम्रपानाचा दिसला. मधुमेहाचा संबंध उलट आढळला, म्हणजे मधुमेहींत विस्फार कमी होता. पुढील अनेक पाहण्यांनी यास दुजोरा दिला. मधुमेहींतील विस्फाराची वाढही मंद असते, असे दिसून आले.

‘चयापचयातील बदल हातभार लावतात’ या विधानास हे उदाहरण सरळ छेद देते. कारण मधुमेहाहून मोठा चयापचयी बदल सामान्य माणसाच्या परिचयाचा दुसरा नाही. याचा उलगडा करण्याचे प्रयत्न झाले आहेत. रक्तात दीर्घकाळ वाढलेली शर्करा कोलॅजेनच्या तंतूंना चिकटून त्यांच्यामध्ये आडवे बंध निर्माण करते, आणि असे जखडलेले तंतू एंझाइमांना सहज मोडता येत नाहीत, हे एक स्पष्टीकरण. ते खरे असेल, तर शरीराच्या पातळीवरील बिघाडानेच ऊतकाच्या पातळीवरील अपचय रोखला जातो, असे म्हणावे लागेल. तीन पातळ्यांचा घोळ येथे किती महाग पडतो, हे यावरून ध्यानी यावे. दुसरे स्पष्टीकरण औषधाचे : मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत विस्फाराची वाढ ते न घेणाऱ्यांपेक्षा मंद आढळली आहे. म्हणजे ज्यास मधुमेहाचा परिणाम समजले गेले, तो काही अंशी उपचाराचा असू शकेल. याची शहानिशा करण्यासाठी मधुमेह नसलेल्या रुग्णांत मेटफॉर्मिनच्या यादृच्छिक चाचण्या निरनिराळ्या देशांत हाती घेण्यात आल्या आहेत. पाहणीतील ‘सह’ हा चाचणीतील ‘ने’ ठरतो काय, हेच तेथे तपासले जात आहे.

सैल विधानाचे परिणाम येथे दोन्ही बाजूंनी घातक ठरतात. ‘साखर नॉर्मल आहे, म्हणजे हा रोग होणार नाही’ असे समजणारा सत्तरीतील धूम्रपायी वस्तुतः अधिक धोक्यात असतो. उलटपक्षी, ‘मधुमेह या रोगापासून वाचवतो’ एवढेच कानी पडलेला रुग्ण साखरेकडे दुर्लक्ष करील, आणि विस्फाराहून कितीतरी अधिक संभाव्य अशा हृदयविकारास सामोरा जाईल.

६

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षणीय नाही. रोग अनेक कारणांनी होतो. कोणतेही एक कारण पुरेसे नसते. म्हणूनच शास्त्रज्ञ ‘कारण’ हा शब्द टाळून ‘हातभार’ असा नम्र शब्द वापरतात. त्या नम्रतेस सैलपणा म्हणणे हा व्याकरणकाराचा हट्ट नव्हे काय?

आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करावाच लागेल. बहुकारणी रोगाच्या वर्णनास ‘हातभार’ हा शब्द स्वभावतः अनुरूप आहे. ओझे अनेकांनी उचललेले असते. परंतु व्यवहारातही हातभार लावणारा कोणत्या वेळी आला व त्याने कोणते टोक धरले, हे सांगता येते. विस्फाराच्या संदर्भात ती वेळ तीन प्रकारची असू शकते : उत्पत्ती, वृद्धी आणि विदारण. एखादा घटक उत्पत्तीस कारण असेल, तरी वृद्धीस असेलच असे नाही. उच्च रक्तदाबाचे उदाहरण वर आलेच आहे : तो असणाऱ्यांत विस्फार काहीसा अधिक आढळतो, फाटण्याचा धोकाही वाढतो, तथापि दाब उतरवल्याने मधली वाढ मंदावल्याचे दिसत नाही. मेदांच्या बाबतीतील आनुवंशिक पुरावा मुख्यतः रोग होण्याविषयीचा आहे. झालेला लहान विस्फार मेद उतरवल्याने थांबेल, असे त्यावरून म्हणता येत नाही. लहान विस्फाराची वाढ थांबवणारे सिद्ध झालेले औषध अद्याप नाही. तेव्हा वेळ व टोक न सांगता नुसता ‘हातभार’ म्हणणे, ही नम्रता खरी. पण ज्ञात असलेला भेदही झाकून टाकणारी ती नम्रता आहे.

यावरून एक गोष्ट परिभाषेच्या अभ्यासकांनाही जाणवावी. संज्ञांचे कोश तयार झाले म्हणजे शास्त्रीय मराठीची सिद्धता झाली, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. ‘महारोहिणी’, ‘विस्फार’, ‘चयापचय’ या तिन्ही संज्ञा चांगल्या आहेत. तरीही त्या तिहींना जोडणारे वाक्य मोघम राहू शकते. संज्ञा कोशातून उचलता येते; संबंध प्रत्येक वाक्यात नव्याने ठरवावा लागतो. इंग्रजीतील मोघम क्रियापदास मराठीतील तितकेच मोघम क्रियापद शोधून देणे हे भाषांतर झाले; शास्त्रीय लेखन नव्हे.

७

मूळ विधान आता पुढीलप्रमाणे विभागून लिहिता येईल. विस्फारित महारोहिणीच्या भिंतीत पेशींचे चयापचय बदललेले आढळते. तो बदल विस्फाराचे कारण किती व परिणाम किती, हे अद्याप ठरलेले नाही. चयापचयातील काही बदलांनी उंदरांत विस्फार वाढवता व कमी करता येतो. माणसात तसे करणारे औषध सिद्ध झालेले नाही. एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या आनुवंशिक प्रवृत्तीमुळे माणसात विस्फाराचा संभव वाढतो, असे मानण्यास सबळ आधार आहे. मधुमेहासह मात्र विस्फार कमी आढळतो. एका वाक्याची चार वाक्ये झाली. पण प्रत्येक वाक्यास आता आपापला पुरावा मागता येतो, आणि उद्या एखादे खोटे ठरले तर उरलेली तीन त्याच्याबरोबर कोसळत नाहीत. मेटफॉर्मिनच्या चाचण्यांचे निष्कर्ष कोणतेही निघोत, त्यांच्यासाठी योग्य ती जागा या मांडणीत आधीच मोकळी ठेवलेली आहे.

पाचवे वाक्य चयापचयाविषयी नाही, तरी ते वगळता येणार नाही. कारण नव्या संज्ञेच्या आकर्षणात जुने सत्य मागे पडण्याचा संभव असतो. टाळता येण्याजोग्या कारणांत धूम्रपानाइतके प्रबळ कारण या रोगास दुसरे नाही. आणि रोग निःशब्द असला तरी अदृश्य नाही : पोटाच्या साध्या सोनोग्राफीत महारोहिणीचा व्यास काही मिनिटांत, वेदनेवाचून मोजता येतो. पासष्ट ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषांस अशा तपासणीसाठी बोलावल्याने विस्फारामुळे होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटतात, हे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने २००२ साली दाखवून दिले, आणि इंग्लंडमध्ये आज पुरुषांस पासष्टाव्या वर्षी त्यासाठी निमंत्रण जाते. मराठीतून या रोगाविषयी लिहिणाऱ्याने आपल्या वाक्यात ‘मुळे’ कोठे घातला आणि ‘सह’ कोठे, यावर त्याचा वाचक त्या सोनोग्राफीस जाणार की नाही, हे काही अंशी अवलंबून राहणार आहे.